अंगण वाकडे असतेच

मराठी भाषेत नाचाविषयी जेवढे वाईट बोलले गेले आहे, तेवढे बहुधा फक्त सासूविषयीच बोलले गेले असेल. चारचौघांत फजिती झाली की तिला आपण नाचक्की म्हणतो. रागावलेला माणूस थयथयाट करतो. बायकोच्या शब्दाबाहेर नसलेला नवरा तिच्या तालावर नाचतो. साहेब कारकुनाला नाचवतो आणि पोरे मास्तरांना नाचवतात. ‘फार नाचू नकोस’ हे वाक्य तर आपण नाचणाऱ्याला कधी म्हणतच नाही. ते ज्याला नुकताच कुठे जरासा आनंद झाला आहे, त्याला म्हणतो.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे ‘नाचता येईना, अंगण वाकडे’. ही म्हण आपण शाळेत अर्थासकट पाठ केली, वाक्यात उपयोग करून दाखवला आणि दोन मार्क मिळवले. पण या म्हणीत पात्रे किती, हे मास्तरांनी कधी विचारले नाही. पात्रे तीन आहेत. एक नाचणारा, दुसरे अंगण, आणि तिसरा ती म्हण उच्चारणारा. हा तिसरा इसम कुठे असतो? तो ओट्यावर बसलेला असतो. पानाला चुना लावत असतो. अंगण खरोखरच वाकडे आहे का, हे पाहायला तो खाली उतरत नाही. स्वतः नाचण्याचा तर प्रश्नच नाही. तरी त्याचा निकाल पिढ्यानपिढ्या आपण शिरोधार्य मानत आलो.

जी गोष्ट आपल्याला येत नाही ती चारचौघांत करण्याचा माणसाला अधिकार आहे का? प्रश्न मोठा आहे. विद्या, वेद, संगीत, सगळीकडे आपल्या पूर्वजांनी अधिकाराची भाषा वापरली. आधी पात्र व्हा, मग या. पण नाचल्याशिवाय नाचता येत नाही आणि नाचता आल्याशिवाय नाचायचे नाही, अशी अट घातली तर अंगणात फक्त तुळस उरेल. मला हा प्रश्न वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पडला आणि तो पाडला सालसा नावाच्या नाचाने.

सालसा हा स्पॅनिश शब्द. त्याचा मूळ अर्थ सॉस, म्हणजे आपल्या हिशेबाने चटणी किंवा रस्सा. मी राहतो करी रोडला. आमच्या स्टेशनाचे नाव रेल्वेच्या एका जुन्या इंग्रज साहेबावरून पडले असे सांगतात. पण बाहेरगावच्या पाहुण्यांना ते आमटीवरूनच पडले असावे असे वाटते, आणि त्यांचे चुकते असेही नाही. आधीचे स्टेशन चिंचपोकळी. चिंच तिथली, करी इथली, मग सालसा तेवढा का परका मानायचा?

निमित्त झाले भाच्याच्या लग्नाचे. आमच्या वेळी लग्नातले संगीत म्हणजे सनईची रेकॉर्ड आणि मामांच्या आवाजातली मंगलाष्टके. हल्ली ‘संगीत’ म्हणजे आदल्या संध्याकाळी घरच्या मंडळींनी नाचायचे. कन्येने फर्मान काढले, “बाबा, तुम्ही आणि आई सालसा करणार आहात. क्लासचे पैसे भरलेत.” मध्यमवर्गीय माणसावर भरलेल्या पैशांइतके बंधन दुसऱ्या कशाचे नसते. पोट बिघडले तरी तो नाटकाचे तिकीट फुकट घालवत नाही. आम्ही गेलो.

क्लास आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होता. पूर्वी तिथे गिरणी होती, आता टॉवर आहे. शिकवणारा मुलगा लालबागचा, सव्वीस वर्षांचा. त्याचे आजोबा गिरणीत साच्यावर होते. आम्हाला पाहून बाकीच्या तरुण मंडळींना वाटले, आम्ही कुणाला तरी सोडायला आलो आहोत. मुलगा मात्र पुढे आला आणि म्हणाला, “या काका, या काकू. चपला तिथे काढू नका. इथे बूट घालूनच नाचायचं.” बूट असे पाहिजेत की तळवा जमिनीवर सहज वळला पाहिजे. रबरी तळ जमिनीला चिकटतो, माणूस वळतो, गुडघा तिथेच राहतो. नवशिक्याला देण्यासारखा हा पहिला व्यावहारिक सल्ला. यापुढचे सगळे सल्ले व्यावहारिक वाटतील, पण तसे नाहीत.

दुसरा सल्ला असा की आधी ऐका. पाय हलवायची घाई नको. सालसाचा हिशेब आठ ठोक्यांचा. त्याच्या मुळाशी क्लावे म्हणून दोन लाकडी दांडकी असतात, आपल्या टिपऱ्यांसारखी. आठ ठोक्यांच्या एका फेऱ्यात ती पाचदाच वाजतात आणि बाकीचे सगळे वाद्यवृंद त्या पाच टकटकींना धरून चालतात. पावले मात्र सहा. मुलगा मोजायचा, “एक, दोन, तीन... पाच, सहा, सात...” पुरुषाने एकला डावा पाय पुढे टाकायचा, दोनला वजन परत उजव्यावर, तीनला पाय जवळ. पाचला उजवा मागे आणि पुन्हा तसेच. समोरच्या बाईचे सगळे याच्या उलट.

चौतीस वर्षे बँकेत काढल्यामुळे गहाळ आकडा माझ्या नजरेतून सुटत नाही. मी विचारले, “चार कुठे गेला? आणि आठ?”

“चार आहे काका,” तो म्हणाला. “फक्त त्याच्यावर पाऊल नाही.”

उपनिषदात सापडले असते तर या वाक्यावर भाष्ये झाली असती. आपल्याकडे तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते. तिथे डग्गा गप्प बसतो म्हणून ताल थांबत नाही, उलट त्या गप्प बसण्यामुळेच सम कळते. नवशिक्याचे नेमके इथेच बिनसते. रिकामी जागा दिसली की तो तिथे पाऊल टाकतो. बोलण्यातही आपले हेच होते. समोरचा माणूस क्षणभर थांबला की आपण लगेच आपले घोडे दामटतो. चौथ्या ठोक्याला काही न करता उभे राहता आले की अर्धा सालसा आला. संसारातही अर्धीअधिक भांडणे चारला पाऊल टाकल्याने होतात, असे सौ.चे मत पडले. तिने ‘तुमच्या’ हा शब्द वापरला नाही, पण तो चारसारखा होता. फक्त उच्चार नव्हता.

हा नाच श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जन्मला अशी माझी समजूत करून देण्याचा प्रयत्न टॉवरमधल्या आरशांनी केला, पण त्याची कुळकथा वेगळीच निघाली. मूळ क्यूबाचे ‘सोन’ आणि ‘मांबो’ हे प्रकार. पोटासाठी न्यूयॉर्कला आलेल्या पोर्तो रिकोच्या आणि क्यूबाच्या लोकांनी ते तिथल्या दाटीवाटीच्या वस्त्यांत रुजवले. १९६४ साली तिथे फानिया नावाची रेकॉर्ड कंपनी निघाली आणि सत्तरच्या दशकात तिने ‘सालसा’ हे नाव जगभर पोचवले. म्हणजे गाव सोडून कारखान्यांच्या शहरात आलेल्या माणसांनी बरोबर आणलेला नाच! हे ऐकल्यावर मला तो एकदम शेजारचा वाटू लागला. रत्नागिरीकडचे चाकरमानी गिरणगावात आले तेव्हा वळकटीबरोबर जाखडी घेऊन आले. मुंबईने तिला बाल्या नाच म्हटले. मधे बुवा आणि मृदंग, भोवती पायांत चाळ बांधलेल्या गड्यांचा फेर. दहा बाय बाराच्या खोलीत आळीपाळीने झोपणारी ही माणसे गणपतीत चाळीच्या अंगणात नाचत. ते अंगण सरळ होते असे कुणी म्हणणार नाही. त्यात नळ होता, गटाराचे झाकण होते आणि कुणाचा तरी स्टोव्ह होता.

जागेच्या या टंचाईतूनच तिसरा सल्ला निघतो. पाऊल लहान टाका. नवशिक्याला वाटते, लांब ढांग टाकली की नाच दिसतो. प्रत्यक्षात ढांग लांब पडली की पुढचा ठोका चुकतो, तोल जातो आणि समोरच्याचा अंगठाही जातो. पाऊल आपल्या खांद्यांच्या रुंदीबाहेर जाता कामा नये. मुलाने हे सांगितले तेव्हा मी म्हटले, “म्हणजे भगवानदादा!” तो हसला. “काका, मी मिरवणुकीत तिथूनच शिकलो.”

भगवान आबाजी पालव. गिरणी कामगाराचा मुलगा, स्वतःही कष्टाची कामे केलेला. मूकपटांपासून या धंद्यात. १९५१ साली त्यांनी ‘अलबेला’ काढला. निर्माते तेच, दिग्दर्शक तेच आणि गीता बालीसमोर नायकही तेच. बुटके, गोलमटोल, नायकाच्या कुठल्याच मापात न बसणारे. संगीत आमच्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे. त्यांच्या हाताशी चिक चॉकलेट हे गोव्याचे ट्रंपेटवाले होते आणि बाँगोसारखी क्यूबाकडची वाद्ये त्यांनी हिंदी गाण्यात खुशाल आणून बसवली. म्हणजे सालसाचे चुलतभावंड आपल्याकडे त्या नावाच्या आधीच येऊन राहिले होते. त्या तालावर भगवानदादा काय करतात? जवळजवळ काहीच नाही. कोपरे दुमडलेली, खांदे डुलताहेत, पाय जेमतेम वीतभर सरकताहेत. एका फरशीवर मावणारा नाच. म्हणूनच तो पुढे सगळ्या मुंबईला आला. गणपतीच्या मिरवणुकीत पाऊण फूट जागेत घामाघूम होऊन नाचणाऱ्या लाखो माणसांना तो कुणी शिकवला नाही. त्याला क्लासही लागला नाही आणि आरसाही.

पुढे भगवानदादांचा जुहूचा बंगला गेला, मोटारी गेल्या आणि ते दादरच्या चाळीत परत आले. २००२ साली गेले ते तिथूनच. बंगला गेला, पण वीतभर पाऊल कुणाला जप्त करता आले नाही. मिरवणुकीतला बेंजो त्यांची चाल वाजवू लागला की आजही माणसे आपोआप कोपरे दुमडतात.

चौथा सल्ला हातांचा. सालसात एकाने न्यायचे असते आणि दुसऱ्याने जायचे असते. परंपरेने न्यायचे काम पुरुषाकडे. हे कळल्यावर वर्गातल्या सगळ्या पुरुषांचे चेहरे गंभीर झाले, जणू बदलीचा हुकूम आला. जो तो आपल्या बाईला कपाट सरकवावे तसा सरकवू लागला. मुलगा ओरडला, “ढकलू नका! सांगा! हाताने सांगायचं आणि थांबायचं.” सौ. माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाली, “अहो, वळायचंय हे मला कळलंय. आता वळू द्या.”

आता नेणे म्हणजे काय, हा शुद्ध नीतिशास्त्राचा प्रश्न आहे. ज्याला आपण नेतो त्याच्या पायांवर आपला ताबा नसतो, नसावाही. आपण फक्त एक दार उघडतो आणि तो त्यातून आपल्या पावलांनी, आपल्या वेळेत जातो. ढकलल्यावर जे होते ते वळणे नव्हे, तो अपघात. आणि जाणाराही मेणाचा बाहुला नसतो. त्याने हात अगदी सैल सोडला तर नेणाऱ्याचे सांगणे पोचतच नाही. हाताहातांत थोडा ताण लागतो. मुलगा त्याला ‘कनेक्शन’ म्हणत होता आणि वर्गात कुणालाच ते समजत नव्हते. तेव्हा आमची ही पुढे झाली आणि म्हणाली, “अरे, ही तर फुगडी आहे!”

लग्नानंतर पाच मंगळागौरी आणि माहेरच्या बहिणींच्या वेगळ्या, एवढा तिचा सराव. तिने बँकेत, की कॉम्प्युटरच्या कंपनीत, काम करणाऱ्या एका मुलीला मधे ओढले, हातांची कैची केली, पायांचे अंगठे जुळवले आणि म्हणाली, “मागे झुक. माझ्यावर वजन टाक. सगळं नको टाकूस, आपल्या वाट्याचं टाक.” गुडघ्यांच्या मानाने चारच फेरे झाले, पण वर्गाला जे तीन दिवसांत कळले नव्हते ते कळले. फुगडीत स्वतःचे वजन राखून ठेवले तर ती उठत नाही. सगळे टाकून दिले तर दोघी पडतात. समोरचीच्या हातावर आपल्या वाट्याचे वजन विश्वासाने सोपवायचे आणि तिचे घ्यायचे. रात्र रात्र जागून आपल्या आयाबहिणी मंगळागौरीला हे करत होत्या. पुरुषांना त्या खोलीत प्रवेश नव्हता. म्हणून मराठी नवऱ्याला वजन सोपवायचे कसे हे समजायला उशीर लागतो, अशी माझी एक उपपत्ती आहे.

पाचवा सल्ला बारीकसारीक गोष्टींचा. पायांकडे पाहू नका; ते जागेवर आहेत. समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहा. जोडीदार बदलायला सांगितला तर मुकाट्याने बदला. दर पाच मिनिटांनी पुरुषांनी एकेक घर पुढे सरकायचे असते. पहिल्या दिवशी काही मध्यमवर्गीय काळजांचा ठोका चुकला, पण रेशनच्या रांगेसारखी ती पद्धत पुढे अंगवळणी पडली. प्रत्येक हात वेगळे ऐकतो हे तेव्हाच समजते. आणि पाय पडला तर ‘सॉरी, सॉरी’ करत थांबू नका. सॉरी म्हणायला चौथा ठोका ठेवलेला आहे.

आता शेवटचा सल्ला, आणि तोच खरा. लाजू नका. हे सांगणे सोपे आहे, कारण लाज हा सद्गुण आहे असे आपण मानतो. पण लाज जरा उलटून पाहिली तर आत अहंकाराचे अस्तर दिसते. ‘लोक मला बघतील’ या वाक्यात लोकांना दुसरा उद्योग नाही असे आपण गृहीत धरलेले असते. भाच्याचे संगीत झाले तेव्हा आम्ही दोघे मंचावर होतो आणि निम्मा मांडव पाणीपुरीच्या स्टॉलवर होता. उरलेल्या निम्म्यातले बरेचजण आपापल्या नाचाचा क्रमांक कधी येतो या धास्तीत होते. इतका निवांतपणा मला चाळीत आंघोळीलाही कधी मिळाला नव्हता. ज्याला आपण कुणी विशेष नाही हे पटले, त्याला नाचायला काहीच हरकत उरत नाही. शिकाऊ माणसाला हे लवकर पटते, तज्ज्ञाला बहुधा कधीच नाही. म्हणून कुठल्याही वयात निदान एका विषयात तरी शिकाऊ असावे.

पण लाजेहून अवघड एक शंका आहे. आता, या परिस्थितीत, नाचणे शोभते का? घरात अडचण आहे, माणूस काळजीत आहे, मग पाय उचलायचा हक्क त्याला आहे का?

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली. त्या वर्षी गणपती ऑगस्टमध्ये आले तेव्हा भोंगे बंद होऊन सात महिने झाले होते. आमच्या मजल्यावर साच्यावर काम करणारे एक गृहस्थ होते. घरातली भांडी एकेक करून वाण्याकडे गेली होती, थोरल्या मुलाची शाळा सुटली होती. विसर्जनाच्या मिरवणुकीत ते नाचले. वीतभर पावले, दुमडलेली कोपरे, डोळे मिटलेले, तासभर. गॅलरीत आम्ही पगारदार मंडळी उभी होतो. कुणीतरी म्हणाले, “घरात दाणा नाही आणि नाचतोय बघा.” त्यांची बायको तिथेच कठड्याला टेकून खाली बघत होती. तिने मान वळवली नाही. एवढेच म्हणाली, “नाचू दे त्यांना. सात महिने झाले, अंगाला घाम आला नव्हता.”

गॅलरीत त्यानंतर कुणी बोलले नाही. आनंद झाला की माणूस नाचतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. ज्याचे हात काम मागत असतात आणि काम नसते, तोही नाचतो. आपले अंग अजून आपले आहे, तालाला अजून उत्तर देते, हे तपासून पाहण्याचा तेवढा एकच मार्ग त्याच्यापाशी उरलेला असतो. त्याला शोभते का हे विचारणारा बहुतेक वेळा वरच्या गॅलरीत असतो, आणि त्याचा पगार एक तारखेला झालेला असतो. त्या गृहस्थांना गिरणीत पुन्हा कधी घेतले नाही. पुढे ते गावी गेले. पण त्या तासाभरात त्यांच्याजवळ कशाची उणीव होती असे मला खालच्या त्या चेहऱ्यावर दिसले नाही.

तेव्हा अधिकाराच्या प्रश्नाचे उत्तर मला असे दिसते. काही गोष्टींना अधिकार लागतो. शस्त्रक्रियेला लागतो, विमान चालवायला लागतो, बँकेच्या तिजोरीला तर दोन किल्ल्या लागतात. पण ज्या गोष्टीने कुणाचे काही बिघडत नाही आणि करणाऱ्याचा जीव जरा मोकळा होतो, तिला अधिकार मागणे म्हणजे श्वास घ्यायला दाखला मागण्यासारखे आहे. फार तर समोरच्याचा अंगठा सांभाळावा. त्यासाठी लहान पाऊल आहेच.

आणि अंगणाचे म्हणाल तर ते वाकडे असतेच. करी रोडला पन्नास वर्षे राहून मी सरळ अंगण पाहिलेले नाही. कुठे पाइप, कुठे खड्डा, कुठे उभी केलेली मोटारसायकल. अंगण सरळ झाल्यावर नाचू म्हणणाऱ्यांची अंगणे पुढे बिल्डरने नेली, नाच राहून गेला. ओट्यावरच्या त्या तिसऱ्या इसमाला माझे एवढेच सांगणे आहे, की बाबा, पान लावून झाले असेल तर खाली ये. बूट घाल. एक, दोन, तीन म्हण, आणि चारला गप्प उभा राहा. तुझ्यासाठी तेवढेच सर्वांत अवघड आहे.